उलट्या दिशेचं अपडाऊन

कळंबमध्ये नोकरी करणारे बरेचजण यवतमाळला राहतात. मी यवतमाळला नोकरी करते आणि कळंबला राहते. सकाळी माझी बस निघते तेव्हा समोरून शिक्षक, बँकेतली माणसं, पंचायत समितीतले कर्मचारी येत असतात. संध्याकाळी ते परत जातात आणि मी परत येते. अंतर २२-२३ किलोमीटरचं. या रोजच्या ये-जा करण्याला विदर्भात सगळे ‘अपडाऊन’ म्हणतात, आणि एखादा अपडाऊन करतो म्हटलं की तो जिल्ह्याच्या गावी राहून तालुक्याला जातो हे गृहीतच असतं. म्हणून आम्ही घर शोधत फिरत होतो तेव्हा एका दुकानदाराने तोंडावरच विचारलं, ‘‘पुणं सोडलं ते सोडलं, पण यवतमाळ सोडून कळंबले काहून येता जी तुमी?’’

२०२२ साली आम्ही पुणं सोडलं. नवऱ्याला देवळीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात काम मिळालं होतं आणि मला यवतमाळच्या एका खाजगी रुग्णालयाच्या हिशेब खात्यात. पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट भाड्याचा होता, ते भाडं दर अकरा महिन्यांनी वाढायचं, आणि घर विकत घ्यायचं म्हटलं की हप्त्याचा आकडा आम्हा दोघांपैकी एकाचा अख्खा पगार गिळायचा. पण पैशाइतकंच दुसरं एक कारण होतं. सासूबाई सकाळी नऊपासून रात्री साडेसातपर्यंत बंद दाराआड एकट्या असायच्या. समोरच्या फ्लॅटमधल्या कुटुंबाचं आडनाव आम्हाला दारावरच्या पाटीमुळे माहीत होतं, तेवढंच.

मी मूळची अचलपूरकडची, त्यामुळे वऱ्हाड मला परका नव्हता. नवरा सातारचा. त्याच्या नातेवाइकांना यवतमाळ म्हटलं की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या तेवढ्या आठवत. एका मामेसासऱ्यांनी तर फोनवर विचारलं, तिथे राहण्यासारखं काही आहे का? त्या बातम्या खोट्या नव्हत्या, अजूनही नाहीत. पण ज्या जिल्ह्यात सोळा तालुके आणि लाखो माणसं रोज जगतात, तिथे राहण्यासारखं काही असणारच, हे मला पटवून द्यावं लागत होतं याचं फार वाईट वाटायचं.

यवतमाळ शहरातच घर घ्यावं, असं आधी ठरत आलं होतं. माझ्या रुग्णालयातल्या ताईंनी पहिला सल्ला दिला तो पाण्याचा. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं आटली होती. नळाला पाणी येण्याची वाट दिवसांत नव्हे, आठवड्यांत मोजली जात होती आणि टँकर आला की लोक मध्यरात्री उठून ड्रम रांगेत लावत होते. बेंबळा धरणातून शहरात पाणी आणण्याच्या योजनेची चर्चा त्या काळात प्रत्येक ओट्यावर होती. ताई म्हणाल्या, ‘‘घर पाहाले गेल्या की खोल्या नंतर पाहा, पहिले शेजारणीले पाण्याचं विचारा.’’ हा सल्ला मी पुढे प्रत्येक गावात पाळला आणि कुणी विचारलं तर अजूनही तोच देते. घरमालक पाण्याविषयी जे सांगतो ते आणि शेजारीण जे सांगते ते, यांत नेहमी फरक असतो.

शहराबाहेरचे नवे लेआउटही पाहिले. लोहारा, वाघापूर, उमरसरा या भागांच्या कडेला शेतं संपून प्लॉट सुरू होतात. सिमेंटचे खांब, मुरमाचे रस्ते, मधूनच एखादं नवंकोरं टुमदार घर. किंमत परवडणारी, हवा मोकळी. पण आम्ही गेलो ती दुपारची वेळ होती आणि तासभर फिरूनही बोलायला माणूस भेटला नाही. सगळी घरं नोकरदारांची. सकाळी कुलूप, संध्याकाळी दिवा. सासूबाई गाडीतून उतरल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘इथं मी कुणाशी बोलायचं?’’ तिथेच आमचं ठरलं. आम्ही दोघं दिवसभर बाहेर राहणार, तेव्हा आम्हाला असं गाव हवं होतं जे दिवसा जागं असतं. ज्याला स्वतःचा बाजार आहे, तहसील आहे, देऊळ आहे, भांडणं आहेत.

मग तालुक्याची गावं पाहायला निघालो. बाभुळगाव पाहिलं, नेर पाहिलं. दारव्हा मला मनापासून आवडलं होतं. शकुंतलेच्या छोट्या रुळांवरचं ते जुनं गाव. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी ती गाडी बंद पडली तरी तिच्याबद्दल बोलताना तिथल्या म्हाताऱ्यांचा आवाज बदलतो. पण दारव्हा यवतमाळच्या पश्चिमेला आणि देवळी ईशान्येला. नवऱ्याचा सगळा दिवस रस्त्यावरच गेला असता. कळंब मात्र बरोबर वाटेवर होतं. तुळजापूरहून नांदेड, यवतमाळ, वर्ध्यामार्गे बुटीबोरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ कळंबजवळून जातो. मला एका बाजूला यवतमाळ, त्याला दुसऱ्या बाजूला देवळी, दोघांनाही रोज जाण्या-येण्याजोगं अंतर.

घर मात्र सहज मिळालं नाही. एका ठिकाणी सगळं जमलं होतं, भाडंही ठरलं होतं. किल्ली देता देता मालकांनी आडनाव विचारलं, त्यावर समाधान झालं नाही तेव्हा गाव विचारलं, मग पाहुणे कुठले ते विचारलं. त्यांना काय हवं होतं ते आम्हाला कळलं. आमचं उत्तर त्यांना चाललं असतं, पण ज्या घराचं दार उत्तर ऐकून उघडतं किंवा मिटतं, तिथे राहायचं नाही असं नवरा म्हणाला आणि आम्ही उठलो. छोट्या गावाच्या जिव्हाळ्याबद्दल लिहिताना ही गोष्ट वगळली तर ते लिहिणं प्रामाणिक होणार नाही. जिव्हाळा आहे, आणि तो कुणापर्यंत पोचतो याच्या हद्दीही आहेत. शेवटी जुन्या वस्तीत घर मिळालं ते एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं. त्यांनी एकच विचारलं, ‘‘विहिरीचं पाणी शेजारी चार घरं नेतात, ते चालेल ना?’’ भाडं पुण्याच्या चौथ्या हिश्श्याइतकं.

कळंब बाहेरच्यांना माहीत आहे ते चिंतामणीमुळे. हे गणपतीचं स्थान जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि शेजारी कुंड आहे. काही वर्षांनी या कुंडातलं पाणी आपोआप चढतं, मूर्तीच्या पायांना लागतं आणि ओसरतं, असं गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. चतुर्थीला जवळच्या खेड्यांतून माणसं येतात, माघातल्या गणेशजयंतीला तर गाव ओळखू येत नाही. सासूबाई पहिल्याच चतुर्थीला शेजारच्या वहिनींबरोबर गेल्या त्या तीन तासांनी परतल्या, आणि आम्हाला गल्लीतल्या प्रत्येक घराची माहिती द्यायला लागल्या. कुणाची लेक वणीला दिली, कुणाच्या घरात वाटणी चालू आहे. पुढे त्यांना एकीने नुकताच वेचलेला कापूस आणून दिला. आता दुपारी त्या ओसरीवर वाती वळत बसतात आणि दोघी-तिघी सोबतीला असतात. त्यांची वऱ्हाडी अजून कच्ची आहे, पण ‘काहून’ आणि ‘कायले’ बरोबर जागी पडतात.

माझं स्वतःचं गावाशी नातं जुळलं ते मात्र बसमुळे. मी रोज यवतमाळला जाते हे कळल्यावर आधी शेजारच्या काकांनी औषधाची चिठ्ठी दिली. कळंबला ती गोळी मिळत नव्हती. मग कुणाचे रक्ताचे रिपोर्ट, कुणाच्या शिलाई मशीनचा सुटा भाग, कुणाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज. शेजारची मुलं भरती ठेवलेल्या आजोबांसाठी डबा द्यायला येतात, तो मला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वॉर्डापर्यंत पोचवायचा असतो. रोज जिल्ह्याच्या गावी जाणारं खात्रीचं माणूस ही लहान गावाची फार मोठी गरज आहे. एका रिपोर्टासाठी मजुरी करणाऱ्या बाईचा अख्खा दिवस बुडतो. तिकिटाचे पैसे वेगळे, रोज बुडाला तो वेगळा. माझ्या पर्समध्ये तो कागद आला तर तिचा दिवस वाचतो. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने माझा महिन्याचा खर्च उतरलाच, पण वेचणीला जाणाऱ्या, माहेरी जाणाऱ्या, दवाखान्यात जाणाऱ्या बायका बसमध्ये किती वाढल्या ते मी रोज डोळ्यांनी पाहते.

इथे मला त्या समोरून येणाऱ्या बसमधल्या माणसांबद्दल बोलायचं आहे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मुलांच्या शाळा, शिकवण्या, म्हाताऱ्यांचे डॉक्टर यांसाठी ते यवतमाळला राहतात, आणि या गोष्टी तालुक्याला चांगल्या असत्या तर त्यांतले अनेकजण राहिलेही असते. पण परिणाम व्हायचा तो होतोच. ज्यांचा पगार दर महिन्याला ठरल्या दिवशी येतो त्यांचा किराणा, कपडा, शिकवणी, सगळं दुसऱ्या गावात खर्च होतं. मागे उरतं ते कापसावर जगणारं गाव.

कापसावर जगणं म्हणजे काय हे मी हिशेबाच्या धंद्यातली असूनही मला इथे आल्यावर समजलं. शेतात सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू झाली की गावात जीव येतो. जिनिंगसमोर गाड्या आणि ट्रॅक्टर लागतात, रस्त्याकडेच्या झुडपांना पांढरे पुंजके अडकतात. पण भाव पडलेला असेल तर माणसं कापूस घरात भरून ठेवतात. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि कुटुंब ओसरीवर, असं मी पाहिलं आहे. त्या कापसामुळे अंगाला खाज सुटते, तरी कुणी तो मिळेल त्या भावाने विकत नाही, कारण त्यातच बियाण्याची उधारी, सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न सगळं असतं. तोवर किराणा दुकानातली वही भरत जाते. आमच्या दुकानदाराने एकदा मला ती दाखवली. नावं नव्हे, नुसती जाडी. ‘‘ताई, तुमच्यासारखी रोख देणारी दहा घरं असली ना, तं माह्यं दुकान उन्हाळा काढते.’’ तेव्हापासून मी यवतमाळच्या मोठ्या दुकानातून स्वस्तातला माल पिशव्या भरून आणणं बंद केलं. चार पैसे जास्त जातात. ते मी गावात राहण्याचा खर्च म्हणून धरते.

गावात राहण्याचे आणखीही खर्च आहेत. तेरवीला जावं लागतं, लग्नाला जावं लागतं, दुर्गादेवीची वर्गणी, महालक्ष्म्यांच्या जेवणाची बोलावणी. दमून आल्यावर दार लोटून पडावं म्हटलं तर आजारी आहात का म्हणून कुणीतरी येतं. मला सुरुवातीला ते जड जायचं. २२ जुलै २०२३च्या शनिवारनंतर जड जात नाही. त्या दिवशीच्या पावसाने जिल्ह्यात हाहाकार केला. महागाव तालुक्यातल्या आनंदनगरच्या लोकांना पाण्याने वेढलं, त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर मागवावी लागली, आणि यवतमाळ शहरातही घरांत पाणी शिरलं. मी सवयीने डबा भरून निघाले होते. शेजारच्या वहिनी भिजत आल्या आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन म्हणाल्या, ‘‘आज नाही जायचं.’’ त्यांच्या भावाचा यवतमाळहून फोन आला होता. आमच्या घरी तोवर कुणी मोबाइलही उघडला नव्हता.

२८ फेब्रुवारी २०२४ला कळंबहून वर्ध्याला रेल्वे सुरू झाली. यवतमाळच्या कार्यक्रमातून पंतप्रधानांनी तिला हिरवा झेंडा दाखवला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या मार्गाचा हा पहिला टप्पा. मध्ये देवळी आणि भिडी. नवऱ्याच्या पाळीशी तिची वेळ जुळत नाही, त्यामुळे तो अजून मोटारसायकलनेच जातो. पण इथे गाडी यवतमाळपर्यंत जाण्याची वाट पाहणारे फार आहेत, कारण पुण्या-मुंबईच्या गाडीसाठी या भागातली माणसं आजवर धामणगाव नाहीतर वर्धाच गाठत आली. मला त्यात एक काळजीही दिसते. रूळ जोडले गेले की जमिनीचे भाव चढतील, महामार्गाकडच्या शेतांत आत्ताच प्लॉटचे फलक उभे राहिलेत. तिकडे पुन्हा सकाळी कुलूप लागणारी घरं उभी राहिली, तर कळंब वाढलं असं आकडे म्हणतील आणि गाव तेवढंच राहील.

अडचणी आमच्यापुढेही आहेत. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा दुपारची बस भट्टी होते. रात्री-अपरात्री सासूबाईंची तब्येत बिघडली तर यवतमाळ किंवा सेवाग्राम गाठावं लागतं. लेक यंदा नववीत आहे. अकरावीला ती यवतमाळला जाणार, बहुतेक माझ्याच बसने. तिला खोली करून तिकडे ठेवा, असं सगळे सांगतात. ती स्वतः तयार नाही.

यंदा जूनमध्ये इथल्या शाळेत शिकवणारं एक जोडपं यवतमाळचं घर भाड्याने देऊन आमच्या गल्लीत राहायला आलं. येण्याआधी त्यातल्या बाईंनी मला बसस्टँडवर गाठून बरेच प्रश्न विचारले होते. मुलाला शिकवणी कुठे, रात्री डॉक्टर कोण, लाइट किती जाते. खरं होतं ते सगळं सांगितलं. पाण्याचं मात्र मी सांगितलं नाही. म्हटलं, ते माझ्या शेजारणीला विचारा.