हवा घेणारी गाडी

जुन्या पिकअपच्या दुखण्यांत मला सर्वांत जास्त छळलं ते हवेनं. क्लच प्लेट, पाटे, बुश, रेडिएटर ही सगळी उघडी दुखणी. दीड टनाच्या गाडीत अडीच टन टोमॅटो भरल्यावर पाटा तुटणारच, त्यात शोधायचं काय? नवा पाटा टाकायचा, मजुरी घ्यायची, गाडी सोडायची. पण रात्री नीट उभी केलेली गाडी पहाटे सुरूच होत नाही, स्टार्टर मारून मारून बॅटरी बसते, आणि खाली वाकून बघावं तर जमिनीवर डिझेलचा थेंब नाही, तेव्हा मिस्त्रीची परीक्षा असते.

टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या पुढे दाब असतो. तिथे गळलं तर डिझेल बाहेर येऊन स्वतःच जागा दाखवतं. टाकीपासून पंपापर्यंत मात्र ओढ असते. तिथल्या भेगेतून बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो आणि लाइनीत हवा असली की तो तयारच होत नाही; पंप नुसती हवा दाबत आणि सोडत बसतो. गळती आहे, पण बाहेरून कोरडीठाक. इतकी वर्षं हे काम करूनही मला या गोष्टीचं नवल वाटतं.

आमच्या नारायणगावकडच्या गाड्यांना ही पहाट परवडत नाही. बाजारात माल भरायचा, आळेफाटा करून माळशेज उतरायचा आणि उजाडायच्या आत वाशी गाठायची. उशीर झाला की भाव पडलेला असतो. गाडी हवा घेते म्हणजे शेतकऱ्याच्या क्रेटमागे पैसे जातात, हे मी कधी विसरलो नाही.

हवा शोधायचं माझं हत्यार म्हणजे माझी बोटं. प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल भरायचा छोटा पंप, दाबताना लाइनीत हवा असेल तर तो मऊ लागतो. डिझेल भरत आलं की अंगठ्याखाली कडक होत जातो. कितव्या दाबाला कडक झाला, मध्येच पुन्हा ढिला पडला का, यावरून मला अर्धी गोष्ट कळायची. उरलेली अर्धी नळीवरून बोट फिरवताना. क्लिपखाली रबर कडक होऊन चिरलेलं असतं, ती चीर डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते. खरं सांगायचं तर मला हे चार लोकांसमोर करायला आवडायचं. मालक, ड्रायव्हर, शेजारचा टायरवाला उभे असले की मी डोळे मिटून बोट फिरवायचो आणि नेमक्या जागी थांबून ‘इथे’ म्हणायचो. डोळे मिटायची गरज नव्हती. लोकांनी बघावं म्हणून मिटायचो.

आता शुगरमुळे बोटांची टोकं बधिर झाली आहेत. तांब्याचा वॉशर हातात आहे की निसटला, तेही कधी कधी बघावं लागतं. बहिणीचा मुलगा आयटीआय करून माझ्याकडे आला आहे, त्याची पद्धत वेगळी. तो सक्शन लाइनीत सलाइनची पारदर्शक नळी जोडतो, इंजिन चालू करतो आणि बुडबुडे बघत बसतो. ही नळी मला कधी पटली नव्हती. ज्याच्या हातात काही नाही त्यानं नळी लावावी, असं मी उघड बोलायचो.

मग एक जुनी पिकअप आली. आधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये तिचा पंप उतरवून कॅलिब्रेशन करून झालं होतं, नोझल बदलून झाले होते, मालकाचे पंधरा हजारांच्या वर गेले होते. आणि गाडी माळशेजच्या चढाला तशीच बंद पडत होती, तीही कधी पडायची, कधी नाही. पंप खोलणं हा आमच्या धंद्याला लागलेला रोग आहे. पाच-दहा रुपयांचा वॉशर शोधायला दोन तास जातात आणि त्याचे पैसे मागता येत नाहीत. पंप उतरवला की बिल आपोआप मोठं होतं आणि मालकालाही काहीतरी मोठं काम झाल्याचं समाधान मिळतं. मला अशा पंप खोलणाऱ्यांचा राग येतो. पंप मुकाट्याने काम करत असतो आणि दोष त्याच्या माथी मारतात.

मी प्रायमर दाबला. कडक झाला की नाही, मला सांगता येईना. पुन्हा दाबला. भाचा काही बोलला नाही, त्यानं नळी जोडली. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागोमाग एक, टाकीकडून येत होते. बाहेरची सगळी लाइन बदलली, सांध्यांना ग्रीस फासून पाहिलं, तरी बुडबुडे चालूच. शेवटी टाकीची नळी सोडून ते टोक डिझेलच्या कॅनमध्ये बुडवलं. बुडबुडे थांबले. म्हणजे दोष टाकीच्या आत.

तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, “बंद पडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?” तो म्हणाला, “मिस्त्री, आम्ही कधी टाकी फुल करतो? भाड्यापुरतं टाकतो.”

टाकीतली सक्शन नळी बाहेर काढली. वरच्या झाकणाच्या जोडाखाली, साधारण अर्ध्या टाकीच्या उंचीवर, केसासारखी भेग होती. टाकी भरलेली असली की भेग डिझेलमध्ये बुडालेली, तिच्यातूनही डिझेलच ओढलं जायचं आणि गाडी ठणठणीत. पातळी भेगेखाली गेली की नळी हवा ओढायची. चढाला गाडी कलली, डिझेल मागे सरकलं, की कमी डिझेलवर दोष लगेच उघडा. मी त्या जागेवरून बोट फिरवलं, मला काही लागलं नाही. भाच्यानं नखानं दाखवलं, “मामा, हे बघा.” नळी त्यानं लावली होती, भेगही त्यालाच सापडली. प्रश्न मी विचारला होता, एवढं मात्र मी त्या संध्याकाळी दोघातिघांना आवर्जून सांगितलं.

ही हवा शोधायची विद्या फार दिवस चालायची नाही, हे मला कळतं. 2017 च्या एप्रिलपासून देशभर बीएस-4 आलं, 2020 ला बीएस-6, आणि नव्या गाड्यांत कॉमन रेल. तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो; आम्ही चालू इंजिनवर नोझलचं नट ढिलं करून हवा काढायचो, तसं तिथे केलं तर डिझेल कातडी फोडून आत शिरेल. तिथे स्कॅनरच हवा. स्कॅनरवाल्यांशी माझं भांडण नाही, पण स्कॅनर दाब कमी आहे एवढंच सांगतो. दाब कुठे गेला हे अजूनही गाडीखाली झोपूनच कळतं. आणि आठ वर्षांपुढच्या, दरवर्षी पासिंगला जाणाऱ्या, जुन्या मायको डिझेल पंपाच्या गाड्या या पट्ट्यात अजून पुष्कळ आहेत. त्यांचे मालक नवी गाडी घेणारे नाहीत.

त्या पिकअपच्या टाकीतल्या नळीला पितळी झाळ मारून घ्यायला फार खर्च आला नाही. मजुरी मात्र मी दीड दिवसाची लावली. मालक म्हणाला, “एवढ्याशा झाळीचे एवढे?” मी उत्तर दिलं नाही, भाच्याला बिल फाडून दुसरं लिहायला सांगितलं. त्यात झाळीचे पैसे वेगळे आणि शोधकामाचे वेगळे. मालकानं दोन्ही दिले. तेव्हापासून आमच्या बिलात शोधकामाचा रकाना असतो, आणि हवा घेणारी गाडी आणताना टाकी अर्ध्याखाली ठेवूनच आणायची, असं आम्ही फोनवरच सांगतो.