पहिला मान

आमच्या व्यवसायात हक्काचे दावे नित्याचेच. पण त्यांतही देवस्थानच्या मानपानाचे दावे सर्वांत चिवट. पालखीला पहिला खांदा कोणाचा, प्रसाद आधी कोणाच्या हातावर पडावा, एवढ्यावरून एकाच देवापुढे माथा टेकणारी दोन घराणी पिढ्यानपिढ्या अबोला धरून बसतात. जमिनीची वाटणी करता येते, पहिलेपणाची करता येत नाही, हे या तंट्यांचे मर्म आहे. असे कागद चाळताना आम्हांला सन १८५८ मधील एका शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील एका महिन्याचे स्मरण होते. तेथेही प्रश्न पहिलेपणाचाच होता. मात्र तो कोर्टाची पायरी न चढता सुटला.

हे शास्त्रज्ञ म्हणजे चार्ल्स डार्विन. 'बीगल' जहाजावरील प्रवास संपवून त्यांना एकवीस वर्षे उलटून गेली होती. सजीवांच्या जाती अचल नसून नैसर्गिक निवडीने हळूहळू पालटतात, हा विचार त्यांनी १८४४ मध्येच विस्ताराने लिहून ठेवला होता आणि त्यांचे स्नेही वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी तो वाचलाही होता. परंतु आणखी पुरावा हवा, आणखी पारख हवी, असे म्हणत त्यांनी तो छापला नाही. जूनमध्ये पूर्वेकडील टर्नाटे बेटावरून आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे टपाल आले. पक्षी व कीटक गोळा करून, ते विकून पोट भरणाऱ्या या पस्तीस वर्षांच्या संशोधकाने तोच सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला होता. योग्य वाटल्यास हा निबंध भूशास्त्रज्ञ लायेल यांना दाखवावा, एवढीच त्यांची विनंती होती. १८ जूनच्या पत्रासह डार्विननी तो लायेलकडे धाडला. निबंध दडपून ठेवला असता तर विचारणारे कोणी नव्हते!

आपले वर्तन हलके ठरण्यापेक्षा आपला सारा ग्रंथ जाळलेला बरा, असे त्यांनी पुढे लिहिले. तोच घरावर संकट कोसळले. मुलगी आजारी होतीच. त्यात धाकटा मुलगा चार्ल्स स्कार्लेट ज्वराने २८ जून रोजी गेला. मूल अवघे दीड वर्षाचे. त्या शोकात बापाने जुने कागद हूकरांच्या हवाली केले. पहिलेपणाची चिंता करणेच त्यांना लाजिरवाणे वाटू लागले होते.

लायेल व हूकर यांनी मार्ग काढला. १ जुलै रोजी लंडनच्या लिनिअन सोसायटीत प्रथम डार्विनच्या १८४४ च्या लेखातील उतारे, मग १८५७ मध्ये अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रे यांना लिहिलेल्या पत्राचा भाग आणि शेवटी वॉलेस यांचा निबंध वाचण्यात आला. दोघांपैकी एकही लेखक सभेला हजर नव्हता.

वकील या नात्याने आमचा या निवाड्यावर आक्षेप आहे. पंच दोन्ही डार्विनचे मित्र. आणि ज्याचा निबंध वाचला जायचा त्या दूरस्थ पक्षाचे म्हणणे ऐकलेच नाही. टर्नाटेचे उत्तर यायला कित्येक महिने लागले असते, ही सबब खरी. पण अनुपस्थिताचा हक्क सबबीने संपत नाही. तारखांचा पुरावा डार्विनच्या बाजूने निःसंशय होता, तरीही संमती घ्यावयास हवी होती.

ही त्रुटी भरून काढली ती पुढे दोघांच्या वागणुकीने. जुलैत कुटुंबासह आईल ऑफ वाइट येथे गेलेल्या डार्विननी पुत्रशोक ताजा असतानाच आपल्या सिद्धान्ताचा सारांश लिहावयास घेतला. तोच वाढत जाऊन २४ नोव्हेंबर १८५९ रोजी 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' म्हणून प्रसिद्ध झाला. वॉलेस यांना हकिगत कळली तेव्हा त्यांनी आनंदच व्यक्त केला. १८६९ मध्ये आपला प्रवासग्रंथ त्यांनी डार्विनना अर्पण केला आणि १८८९ मध्ये या विषयावर लिहिलेल्या स्वतःच्या पुस्तकाला 'डार्विनिझम' हे नाव दिले. वॉलेसची ओढगस्त पाहून डार्विननीही खटपट केली व १८८१ मध्ये त्यांना सरकारी निवृत्तिवेतन मिळवून दिले. पुढच्याच वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीत डार्विनच्या शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत वॉलेस होते.

हुकूमनाम्याने हक्क शाबीत होतो. मनातली अढी मात्र तशीच राहते. ती सुटायला एकाने कागद पुढे करावे लागतात आणि दुसऱ्याने ते न मोजता स्वीकारावे लागतात. आमच्याकडे येणाऱ्या मानकऱ्यांना आम्ही कायदा सांगतो, कारण तेच आमचे काम. पण फी न घेता देण्यासारखा सल्ला कोणी मागितलाच, तर आम्ही या दोघांची गोष्ट सांगू.