साडेपाच तासांचा घोळ
आज पुन्हा तेच. विंडोज बंद करून उबुंटू सुरू केलं, तर भर दुपारी दोनला घड्याळात संध्याकाळचे साडेसात! पहिला संशय मदरबोर्डवरच्या सेलवर जातो, पण तो बिचारा निर्दोष. सेल संपला असता तर तारीखच काही वर्षं मागे गेली असती. फरक नेमका ५:३० तासांचा, म्हणजे ग्रिनिच आणि आपल्यातला. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं. उबुंटू, म्हणजे लिनक्स, तिलाच यूटीसी (ग्रिनिचची वेळ) समजून वर साडेपाच तास चढवतं. नेट जोडलं की वेळ आपोआप सुधारते, म्हणून दुखणं लपून राहतं. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली की मात्र 'आरटीसी टाइम'च्या, म्हणजे मदरबोर्डच्या घड्याळाच्या ओळीत सगळं उघडं पडतं. लिनक्सलाही स्थानिक वेळ मानायला लावता येतं, पण ती मलमपट्टी. विंडोजलाच यूटीसी शिकवणं बरं.