संदकफूच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या गाड्या

जुनी गाडी बाळगणे म्हणजे दारी पांढरा हत्ती पोसणे, असा सर्वसाधारण समज आहे. ती तेल जास्त पिते, वरचेवर बंद पडते आणि तिचे सुटे भाग मिळत नाहीत. म्हणून दहा-बारा वर्षे झाली की गाडी विकायची आणि हप्त्यांवर नवी घ्यायची, हे शहरातल्या कुटुंबांचे गणित. पण दार्जिलिंग जिल्ह्यात एक गाव असे आहे, जिथे साठ-पासष्ट वर्षांच्या गाड्या आजही कुटुंबांना पोसतात. त्या गावाचे नाव मानेभंज्यांग.

दार्जिलिंगपासून सुमारे २६ किलोमीटरवर, भारत-नेपाळच्या अगदी सीमेवर हे लहानसे गाव वसले आहे. इथूनच सिंगालीला डोंगररांगेवरच्या संदकफूची वाट सुरू होते. ३,६३६ मीटर उंचीचे संदकफू हे पश्चिम बंगालमधील सर्वांत उंच ठिकाण. आकाश निरभ्र असेल तर तिथून एव्हरेस्ट, कांचनजंगा, ल्होत्से आणि मकालू, म्हणजे जगातल्या सर्वांत उंच पाच शिखरांपैकी चार, एकाच जागी उभे राहून पाहता येतात. कांचनजंगेची रांग तर आडव्या झोपलेल्या बुद्धासारखी दिसते.

हे सुख पदरात पाडून घ्यायचे तर सुमारे ३१ किलोमीटरची वाट चढावी लागते. पायी जाणाऱ्यांना दोन-तीन दिवस लागतात. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी मानेभंज्यांगच्या बाजारात लँड रोव्हर गाड्या रांगेने उभ्या असतात.

चहामळ्यांतून आलेला वारसा

लँड रोव्हरचा जन्म १९४८ सालचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती, म्हणून या गाडीचा वरचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा बनवला गेला. त्या वेळची ही अडचण पुढे वरदान ठरली. दार्जिलिंगच्या ओल्या, धुकट हवेत पोलादी पत्रा काही वर्षांत गंजून जातो, ॲल्युमिनियमला तसा गंज चढत नाही. खालची चासी मात्र पोलादी असल्याने तिची काळजी घ्यावीच लागते.

दार्जिलिंगच्या चहामळ्यांतील ब्रिटिश मळेवाल्यांनी या गाड्या इथे आणल्या. मळेवाले मायदेशी परतले तशा त्यांच्या गाड्या स्थानिक लोकांच्या हाती आल्या. बापाने चालवलेली गाडी मुलाने चालवायची, असे करत त्या घरच्या मालमत्तेचा भाग झाल्या. २०१८ मध्ये लँड रोव्हरला ७० वर्षे झाली, तेव्हा कंपनीनेही या गावाची आवर्जून दखल घेतली. त्या वेळी अशा सुमारे ४० गाड्या या वाटेवर धावत होत्या. गंमत म्हणजे २००८ मध्ये लँड रोव्हर ही कंपनीच मुंबईच्या टाटा मोटर्सने विकत घेतली.

मुंबईशी या गाड्यांचे आणखी एक नाते आहे, ते बॉनेटखाली दडलेले. मूळची पेट्रोल इंजिने केव्हाच थकली. त्यांच्या जागी बऱ्याच मालकांनी महिंद्राच्या गाड्यांची डिझेल इंजिने बसवून घेतली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी करून नावारूपाला आलेली ही कंपनी. तिची इंजिने आज विलायती सांगाड्यात बसून हिमालय चढताहेत!

लिटरला किती?

ही इंजिनबदली हौसेपोटी नव्हे, हिशेबापोटी झाली. जुनी पेट्रोल लँड रोव्हर सपाट डांबरी रस्त्यावरही लिटरला जेमतेम सहा-सात किलोमीटर जायची. चढावर तर बोलायलाच नको. शिवाय उंचीवर हवा विरळ होते. संदकफूला हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ७० टक्केच असते. त्यामुळे कार्बोरेटरमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, इंजिनाची ताकद घटते आणि इंधन वाया जाते.

डिझेल इंजिनही या नियमाला पूर्णपणे अपवाद नाही. चालक आणि प्रवासी धरून गाडीचे वजन दोन टन झाले, तर मधले उतार-चढाव जमेस धरून सुमारे १,९०० मीटर चढण्यासाठीच पाच लिटरच्या आसपास डिझेल जळते. दगडांवरून उसळणे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणे आणि वळणावर मागेपुढे करणे हे सारे त्यात धरले की चढताना लिटरमागे चार-पाच किलोमीटर मिळाले तरी पुष्कळ. उतरताना मात्र इंजिनावर ताण नसतो, त्यामुळे थोडी भरपाई होते.

मग नवी गाडी घेतली तर? साधा हिशेब करून पाहू. समजा, महिन्याला १५ फेऱ्या झाल्या, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ९३० किलोमीटर. जुन्या गाडीने लिटरला ५ किलोमीटर दिले तर १८६ लिटर डिझेल लागेल, नवीने ८ दिले तर ११६ लिटर. फरक ७० लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याची बचत ६,३०० रुपये. आणि नव्या गाडीसाठी ८ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता होतो सुमारे १७ हजार रुपये. पावसाळ्यात तीन महिने राष्ट्रीय उद्यान बंद असते, पर्यटक येत नाहीत. हप्ता मात्र येतोच!

पांढऱ्या हत्तीची खरी वैरण

याचा अर्थ जुनी गाडी फुकटात चालते, असा मुळीच नाही. तिचा खर्च वेगळ्या खिशातून जातो. दगडधोंड्यांनी कमानपाटे तुटतात. उतारावर ब्रेकचे लायनर झिजतात. क्लचप्लेट आणि टायर यांचेही आयुष्य या वाटेवर कमीच. सुटे भाग मिळेनासे झाल्याने भंगारात निघालेल्या गाडीचे भाग काढून ठेवावे लागतात, नाही तर लेथवर नवा भाग घडवून घ्यावा लागतो.

इथे मालकच बहुधा चालक असतो आणि चालकच मेकॅनिक. गाडीची रचनाही साधी, त्यात संगणक नाही की सेन्सर नाही. पाना-स्क्रूड्रायव्हर हाती असले की वाटेतच बऱ्याच दुरुस्त्या होतात. ही मजुरी कुणी हिशेबाच्या वहीत लिहीत नाही. पण हेच काम पैसे मोजून गॅरेजमध्ये करून घ्यायचे ठरवले, तर वरचे गणित बघता बघता उलटेल. म्हणूनच शहरातल्या हौशी माणसाने या उदाहरणावरून जुनी गाडी घेण्याची घाई करू नये.

काळही आता बदलतो आहे. या वाटेचा काही भाग काँक्रीटचा झाला आणि पूर्वी जिथे लँड रोव्हरशिवाय कुणाची छाती होत नसे, तिथे नव्या गाड्याही चढू लागल्या. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणी-नूतनीकरणाचे आणि तपासणीचे शुल्क देशभर वाढले. धूर आणि सुरक्षितता हे प्रश्नही आहेतच. विशेषतः दुर्मीळ लाल पांडाचे घर असलेल्या या जंगलात, ज्याला १९९२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, धुराचा विचार करायलाच हवा. ज्या घरात ही गाडी म्हणजेच दुकान, शेत आणि नोकरी आहे, त्या घराला यातून वाट काढायची आहे. कर्ज काढून नवी गाडी घ्यायची, की म्हातारीचीच सेवा करत राहायचे?

वाटेवरची गंमत

मानेभंज्यांग सुटताच चढ सुरू होतो. चित्रे येथे बौद्ध मठ आहे. पुढचे मेघमा नावाला जागते. तिथे ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. तुमलिंग नेपाळच्या हद्दीत येते. मग गैरीबासपर्यंत उतार, पुन्हा चढ आणि काळ्याशार पाण्याचे कालीपोखरी. एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही अंगांना लालीगुरांसची फुले बहरतात. गाडीत मागच्या बाकांवर बसणाऱ्याचे अंग मात्र चांगलेच घुसळून निघते. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी हा प्रवास टाळावा.

हिमशिखरे पाहायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फुले पाहायची तर वसंत ऋतू उत्तम. रेल्वेने न्यू जलपाईगुडी किंवा विमानाने बागडोगरा गाठून पुढे मोटारीने मानेभंज्यांगला जाता येते. ओळखपत्र जवळ ठेवावे, उद्यानाचा परवाना घ्यावा आणि गाडी मालकांच्या संघटनेमार्फतच ठरवावी. गरम कपडे भरपूर न्यावेत. उंचीवर डोके दुखू लागले, मळमळू लागले तर हट्ट न धरता खाली उतरावे.

आणि भाडे ठरवताना फार घासाघीस करू नये. त्या पैशात डिझेल असते, तुटलेला कमानपाटा असतो आणि पावसाळ्याच्या तीन रिकाम्या महिन्यांचे धान्यही असते.