नाखुशीचे शब्द

परवा कचेरीत माझ्या टेबलावर एक कागद येऊन पडला. वरच्या जागेवर बढती देऊ केली होती, पण ती गुवाहाटीला. कागदाच्या तळाशी दोनच शब्द होते, 'विलिंग' आणि 'अनविलिंग', आणि राजभाषेच्या कृपेने शेजारी 'इच्छुक' व 'अनिच्छुक' ही त्यांची भावंडे. जे लागू नसेल ते खोडावे आणि तीन दिवसांत कागद परत करावा, अशी सूचना होती. केंद्र सरकारच्या चाकरीत बारा वर्षे मी लागू नसलेले शब्द इमानाने खोडीत आलो आहे. त्या दिवशी मात्र दोन्ही शब्द खोडावेत असे वाटले.

बढती कोणाला नको असते? शिवाय १९८१ सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे एकदा ती नाकारली की पुढे एक वर्ष पुन्हा देऊ केली जात नाही, आणि तेवढ्यात मागचे लोक पुढे निघून जातात. हे सारे एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात माझी आई. सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर वाईचे घर बंद करून मी तिला दिल्लीला आणले. त्या वेळी 'येतेस ना?' या माझ्या प्रश्नाला तिने चार महिने एकच उत्तर दिले होते, 'बघू.' आता कुठे या सरकारी क्वार्टरच्या अंगणात तिची तुळस रुजली आहे आणि भाजीवालीशी घासाघीस करण्याइतपत हिंदी तिला येऊ लागले आहे. अडुसष्टाव्या वर्षी तिला पुन्हा उपटून न्यायचे?

निदान कागदासोबत एक पत्र जोडावे आणि त्यात आपली खरी मनःस्थिती नमूद करावी, म्हणून मी मसुदा करावयास बसलो. इंग्रजी साहित्य घेऊन बी. ए. झालेल्या मनुष्यास एक शब्द सापडू नये?

प्रथम 'डिसइन्क्लाइन्ड' लिहून पाहिला. मोठा सभ्य शब्द आहे. ज्याला आपण मनाचा कल म्हणतो, तोच उतार या शब्दाच्या पोटात आहे. मनाचा उतार त्या बाजूला नाही, एवढेच तो सांगतो. चहा नको असताना तो शोभेल, पण आईसाठी तो फारच थंड वाटला. मग 'ॲव्हर्स' घेतला. हा लॅटिनमधून आला. मूळ अर्थ तोंड फिरवणे. एखाद्या प्रसंगापुरती ही नाखुशी नसते. ती स्वभावातच मुरलेली असते. काहींना कर्जाचे वावडे असते, काहींना धोका पत्करण्याचे. मला बदल्यांचे वावडे नाही. शिवाय आमच्या खात्यात 'ॲव्हर्स' आणि 'ॲडव्हर्स' यांत घोटाळा होण्याचा संभव फार! गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेऱ्याची आठवण वरिष्ठांना आपण होऊन कशाला करून द्यावी?

'लोथ' हा शब्द मला नेहमी आवडत आला आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ द्वेष्य, तिरस्करणीय असा होता. शतकांच्या वापराने त्याची धार बोथट झाली आणि आता तो जिवावर येण्यापुरता उरला आहे. पण मसुदा वाचताना शेजारच्या टेबलावरील मित्राने बोट ठेवले. मी शेवटी एक 'ई' जास्त लिहिला होता. त्या एका अक्षराने शब्दाचे क्रियापद होते आणि अर्थ होतो किळस येणे. गुवाहाटीची मला किळस येते, असे मी लेखी कळविणार होतो!

'हेझिटंट' म्हणजे अडखळणारा. गंमत अशी की मूळ लॅटिन शब्दात चिकटून बसणे आणि बोलताना अडणे हे दोन्ही अर्थ आहेत, आणि आपल्या 'अडखळणे' या शब्दातही पाय आणि जीभ दोन्ही अडतात. 'डिमर' म्हणजे सौम्य हरकत घेणे. पण त्याच्या मुळाशी रेंगाळणे आहे. मालगाडीचा डबा वेळेत रिकामा केला नाही म्हणून रेल्वे जो डेमरेज लावते, तो याच शब्दाचा सख्खा भाऊ. माझ्या रेंगाळण्याला तीन दिवसांची मुदत होती, आणि डेमरेज एक वर्षाचा.

या ठिकाणी मला हर्मन मेल्व्हिलचा बार्टलबी आठवला. १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कथेचा नायक आमच्याच जातीचा, वॉल स्ट्रीटवरील एका वकिलाच्या कचेरीतला नकलनवीस. सांगितलेले काम तो नाकारीत नाही, भांडत नाही; ते न करणे आपल्याला अधिक पसंत आहे, एवढेच शांतपणे म्हणतो आणि अखेरीस तुरुंगात अन्न न घेता मरतो. कॉलेजात असताना मला तो विलक्षण वाटला होता. आज वाटते, त्याच्यामागे कोणी आई नव्हती, बायकामुले नव्हती. इतकी निर्मळ अनिच्छा ज्याला कोणी नाही त्यालाच परवडते.

शेवटी 'रिलक्टंट' या शब्दापाशी आलो. इतका वापरून गुळगुळीत झालेला शब्द; पण त्याचे मूळ पाहिले आणि थबकलो. मूळ लॅटिन अर्थ आहे झुंजणे, उलट जोर लावणे. नाखूष मनुष्य म्हणजे कुस्ती खेळणारा मनुष्य! आणखी एक मर्म ध्यानात आले. 'अनविलिंग' मनुष्य बहुधा जागचा हलत नाही. 'रिलक्टंट' मनुष्य बहुधा जातो. तो झुंजतो, पण जातो. जगातली किती तरी कामे अशाच लोकांनी पार पाडली असतील.

संध्याकाळी घरी गेलो. आई तुळशीपाशी दिवा लावीत होती. मी सगळे एका दमात सांगून टाकले आणि 'बघू' या उत्तराची वाट पाहत उभा राहिलो. ती वात सारखी करीत राहिली. मग म्हणाली,

"जिवावर येतंय रे. खोटं कशाला बोलू? वाईहून निघतानाही पाय निघत नव्हता."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तिनेच विचारले,

"कामाख्या तिथेच ना?"

"हो, गुवाहाटीतच. टेकडीवर आहे देऊळ."

"मग तुळशीची मंजिरी वाळवून ठेवायला हवी. बी तिकडे पेरता येईल."

दिवसभर शब्दकोशात जे शोधीत होतो, ते तिने दोन वाक्यांत सांगून टाकले होते. इंग्रजीने नाखुशीला पुष्कळ नावे दिली आहेत. मराठीने ती जिवात आणि पायांत ठेवली आहे. जीव येत नाही, पाय निघत नाही, आणि तरीही मनुष्य बी गोळा करू लागतो.

तिसऱ्या दिवशी पत्र न जोडताच मी 'अनविलिंग' हा शब्द खोडला. रेघ जरा वाकडी आली. वरिष्ठांनी ती पाहिली असावी. पण तिच्याविषयी शेरा काही आला नाही.