'सोडणे' या क्रियापदाविषयी

मराठीतील 'सोडणे' हे क्रियापद मोठे लबाड आहे. 'तिने कांदा सोडला' याचा अर्थ ती आता कांदा खात नाही; 'तिने उपास सोडला' याचा अर्थ ती जेवायला बसली. एकाच क्रियापदात त्यागही आहे आणि त्यागाची समाप्तीही. वर्गात हे उदाहरण दिले की मुले हसतात. गेले वर्षभर मात्र हे क्रियापद माझ्या डोक्यात निराळ्याच कारणाने घोळते आहे.

तळेगाव दाभाडे येथे, स्टेशनच्या बाजूला नव्हे, जुन्या गावात माझी आत्या राहते. वय शहात्तर. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ती मशेरी लावते. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. दिवसातून चार वेळा : पहाटे उठल्यावर, दोन्ही जेवणांनंतर आणि निजताना. गेल्या वर्षी तिच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा दिसला. दंतवैद्यांनी तपासून सांगितले, की हा कर्करोग नाही. पण मशेरी सुटली नाही तर पुढचे सांगता येत नाही. सुटली तर चट्टा कमी होण्याची शक्यता आहे.

यानंतर घरात जे सुरू झाले त्याला 'उपदेशपर वाङ्मय' म्हणावे लागेल. मुलगा रागावून सांगे, सून काकुळतीने सांगे, नातू मोबाइलवर कर्करोगाची छायाचित्रे दाखवी. आत्या सगळे शांतपणे ऐके आणि म्हणे, "पन्नास वर्सं लावतेय गं. आता या वयात काय सुटायचंय?" तंबाखूच्या पुड्यांवर भारतात २००९ पासून इशाऱ्याची चित्रे छापली जातात, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीच्या डबीवर चित्र कोण छापणार? शिवाय चित्र पाहून ती घाबरली नाही, असेही नाही. ती घाबरली आणि त्या धास्तीने तिने आणखी एक बोट मशेरी लावली.

माहिती दिली की वर्तन बदलते, हा आपला सुशिक्षितांचा लाडका समज आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीची क्ष-किरण तपासणी सहज उपलब्ध असूनही लोक तिच्याकडे का वळत नाहीत, याचा शोध गॉडफ्रे हॉकबाउम या मानसशास्त्रज्ञाने घेतला. आपल्याला हा रोग होऊ शकतो आणि वेळीच कळले तर उपयोग आहे, या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या त्यांच्यापैकी ८२ टक्के लोकांनी आपणहून तपासणी करून घेतली होती; ज्यांना एकही पटली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते. आत्याला पहिली गोष्ट पटली होती. दुसरी पटत नव्हती. 'आता या वयात काय' या चार शब्दांत तिचा सारा नकार होता, आणि आम्ही सगळे मिळून तिला पहिलीच गोष्ट पुनःपुन्हा पटवीत होतो.

वास्तविक दुसऱ्या गोष्टीचाही पुरावा आपल्याच देशात आहे. सुमारे ३६ हजार भारतीय तंबाखूसेवकांमध्ये समजावणीचे काम करून त्याचा परिणाम तपासणारा एक मोठा अभ्यास १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. समजावणीमुळे तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडात नव्याने चट्टे येण्याचे प्रमाण घटले, असे त्यात आढळले. पण हेही आत्याला कोणत्या भाषेत सांगायचे, हा प्रश्न उरतोच.

तो सोडवला वस्तीतल्या आशाताईंनी. रक्तदाब मोजायला आल्या असताना त्यांनी मशेरीचा विषयच काढला नाही. सहज विचारले, "आजी, चातुर्मासात काय सोडता तुम्ही?" आत्याचा चेहरा खुलला. वांगे, कांदा, लसूण. आषाढी एकादशीपासून थेट चंपाषष्ठीपर्यंत. किती वर्षे? चाळीसच्या वर. कधी मोडले? एकदाही नाही. काशीला गेली तेव्हा कायमचे सोडलेले पेरू तर तिने पुन्हा तोंडातही घातले नव्हते. आशाताई म्हणाल्या, "मग तुम्हाला सोडता येत नाही, असं कसं म्हणता?"

साहित्याच्या अभ्यासकाला यात ओळखीचे काही दिसावे. वाचक कोरा नसतो. तो आपली भाषा, आपले संकेत घेऊन संहितेकडे येतो, हे आपण वर्गात शिकवतो. म्हातारी माणसे मात्र आपल्याला कोऱ्या पाट्या वाटतात, किंवा पुसता न येणाऱ्या पाट्या. त्यांच्याजवळ नेम, पथ्य, व्रत, उद्यापन अशी संयमाची अख्खी परिभाषा असते आणि आयुष्यभराचा सराव असतो. अल्बर्ट बॅन्ड्युरा यांनी १९७७ साली स्वतःच्या क्षमतेवरील ज्या विश्वासाचे महत्त्व मांडले, तो आत्याजवळ होताच. फक्त तो वांग्याच्या खात्यावर जमा होता.

आषाढीला आत्याने मशेरी 'धरली' नाही. पहिले आठ दिवस कठीण गेले. डोके दुखे, पोट साफ होत नसे, चिडचिड होई. वांगे आणि निकोटीन यांच्यातला हा फरक विसरता येणार नाही. वांग्याची तलफ येत नाही. जेवणानंतर ती त्याच तव्यावर भाजलेली बडीशेप चघळू लागली. पण व्रताला शेवट असतो. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची मशेरी परतली. 'सोडणे' या क्रियापदाने आपला दुसरा अर्थ दाखवला.

व्रताच्या भाषेची मर्यादा इथे आहे. व्रत मोडले की पाप लागते, आणि पापी माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही, लपवतो. आत्या दोन दिवस डबी पदराआड ठेवत होती. उलट वर्तनशास्त्रात, प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांच्या कल्पनेत, घसरणे ही सोडण्याच्या वाटेवर नेहमी घडणारी गोष्ट आहे. ही समजूत आपल्या धर्मभाषेत नाही. ती डॉक्टरांकडूनच यायला हवी. दंतवैद्यांनी ती दिली. "आजी, चारातली एक राहिली. तीन गेल्या, त्या मोजा की," एवढेच ते म्हणाले.

सध्या आत्या पहाटे एकदाच मशेरी लावते. चट्टा वाढलेला नाही, गेलेलाही नाही. पुढच्या आषाढीला पहाटेचीही सोडणार का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "आषाढीची वाट कशाला बघायची? एकादशी दर पंधरा दिवसांनी येते."