पाचशे डॉलरची मोटार

फ्रान्स देशात ल माँ नावाचे एक शहर आहे. तेथे 1923 सालापासून मोटारींची एक प्रख्यात शर्यत होत आली आहे. दुपारी सुरू झालेली ही शर्यत रात्रभर चालते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. चोवीस तासांत जी मोटार सर्वांत अधिक अंतर तोडील ती विजयी. तीत धावणाऱ्या मोटारींच्या किमती ऐकल्या, तर सामान्य माणसाचे डोळे पांढरे व्हावेत.

इंग्रजीत लिंबाला 'लेमन' म्हणतात. अमेरिकेत मात्र सदा बिघडणाऱ्या मोटारीलाही 'लेमन' असेच म्हणतात. आपण तिला खटारा म्हणू. 'ल माँ' आणि 'लेमन' या उच्चारांतले साम्य जे लॅम नावाच्या एका अमेरिकन पत्रकाराच्या विनोदी मनाला भावले, आणि 2006 साली कॅलिफोर्नियात त्याने खटाऱ्यांची शर्यत सुरू केली. तिचा मुख्य नियम असा, की मोटारीची किंमत 500 डॉलरहून अधिक असता कामा नये. वरच्या प्रत्येक दहा डॉलरमागे एक फेरी दंड म्हणून कापली जाई. मोटारीतल्या नको असलेल्या वस्तू विकून आलेले पैसे किमतीतून वजा करण्यास मात्र मुभा होती. एका मोटारीमागे निदान चार चालक हवेत, हा आणखी एक नियम. नाव चोवीस तासांचे असले, तरी बहुतेक शर्यती शनिवार व रविवार मिळून चौदा-पंधरा तासांच्याच असत.

या शर्यतीत भाग घ्यावा असे मिशिगन राज्यातील चार मित्रांनी 2010 सालच्या पानगळीत ठरविले. त्यांतला एक शाळेत गणित शिकवी, दुसरा गॅरेजात मोटारी दुरुस्त करी. तिसरा मोटारींच्या कारखान्यात वेल्डर होता. परंतु 2008 च्या मंदीनंतर त्या राज्यातील अनेक कारखाने बंद पडले, त्यांत त्याचीही नोकरी गेली होती. चौथा सर्वांत धाकटा. त्याला वेगाचे वेड होते, आणि वेगाशिवाय दुसरे काही सुचत नव्हते.

प्रत्येकाने सव्वाशे डॉलर काढले की मोटार आली, असा धाकट्याचा सरळ हिशेब होता. मास्तरांनी तो पहिल्याच बैठकीत मोडून काढला. मोटार उलटली तर चालकाचा चेंदामेंदा होऊ नये म्हणून आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवावा लागतो. त्याखेरीज खास आसन, छातीवरून आवळणारे पट्टे, आग विझविण्याचे साधन, न जळणारा पोशाख आणि शिरस्त्राण हवे. जिवाच्या रक्षणासाठी केलेला हा खर्च 500 डॉलरमध्ये धरला जात नसे. ब्रेक आणि टायरही धरले जात नसत. परंतु खिशातून तो जायचाच, आणि तो काही हजारांच्या घरात जातो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

हा आकडा ऐकून वेल्डर उठून उभा राहिला.

"तुम्ही तिघे पाहा. माझ्याच्याने हे जमणार नाही," तो म्हणाला.

कोणी काही बोलले नाही. चार चालकांचा नियम त्या वेळी कोणाच्या मनात होता की नव्हता कोण जाणे. पण लहानपणापासून एकत्र वाढलेल्या मित्राला पैशांपायी मागे सोडायचे, ही कल्पनाच तिघांना बोचत होती. अखेर मेकॅनिक म्हणाला, "पिंजरा बाहेरून करवून घ्यायचा म्हटला, तर निम्मे पैसे त्यातच जातील. तो तू कर. तुझा वाटा पोहोचला." वेल्डरने लगेच होकार दिला नाही. कोणी आपल्यावर उपकार तर करीत नाही ना, याची त्याला शंका होती. म्हणून मास्तरांनी बाहेरच्या कारागिराचा खरा दर कागदावर मांडून दाखविला, तेव्हा तो पुन्हा खाली बसला.

मग मोटारीचा शोध सुरू झाला. धाकट्याच्या मनात एक आठ सिलिंडरांची, लांब नाकाची लाल मोटार भरली होती. मालक ती 450 डॉलरना द्यायला तयार होता. इंजिन सुरू होताच तिने असा काही हुंकार दिला, की धाकट्याचा चेहरा उजळला. मेकॅनिकने मात्र इंजिन बंद करून थंड होऊ दिले, रेडिएटरचे झाकण काढले आणि आत बोट घातले. बोटाला दुधाळ कॉफीसारखा फेस लागला. याचा अर्थ, इंजिनाच्या पोटात पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत होते. अशी मोटार बाजारात जाऊन येईल, पण तास दोन तास भरधाव पळवली की तापून बसेल.

"ते दुरुस्त करता येईल की!" धाकटा म्हणाला.

"येईल. पण ही मोटार आधीच इतकी हाल सोसलेली आहे, की एक छिद्र बुजवावे तर दुसरे उघडेल."

यावर वाद झाला. तेव्हा मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली. एक फेरी दोन मिनिटांची धरा. लाल मोटार दर फेरीला पाच सेकंद वाचवील असेही धरा. शंभर फेऱ्यांत तिने 500 सेकंद, म्हणजे आठ मिनिटे वीस सेकंद वाचविले. चार फेऱ्यांची कमाई झाली. आता ती एकदाच बिघडून तासभर उभी राहिली तर? तीस फेऱ्या गेल्या. शिवाय मोटार जितकी जड आणि वेगवान, तितके तिला आवरताना ब्रेक तापतात. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. धाकट्याला हिशेब पटला, पण आवडला नाही. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही.

पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी पुष्कळ मोटारी पाहिल्या. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. हे मीठ मोटारीच्या तळाला चिकटते आणि लोखंड खाऊन टाकते. वरून चकचकीत दिसणाऱ्या मोटारीखाली मेकॅनिक पाठीवर सरपटत जाई, स्क्रूड्रायव्हरने तळ टोचून पाही, आणि बिस्किटासारखा गंजाचा चुरा त्याच्या तोंडावर पडे. असल्या तळाला पिंजरा सांधणार कसा? माझदा कंपनीची एक हलकी, दोन आसनांची मियाटा सर्वांनाच आवडली; परंतु तिला मागणी इतकी, की किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर गेलेली.

शेवटी एका वृद्ध बाईंच्या घरी त्यांना स्वीडनची व्होल्वो 240 सापडली. पेटीसारखी चौकोनी, फिकट पिवळी. हे मॉडेल 1974 पासून 1993 पर्यंत निघत होते आणि त्याच्या चिवटपणाची ख्याती आहे. ही मोटार दोन लाख मैलांहून अधिक धावलेली होती. बाईंनी आतून एक वही आणली. तेल कधी बदलले, पट्टा कधी बदलला, सारे तारखेनिशी लिहिलेले. बाईंचे पती वारले, त्यानंतरच्या नोंदी दुसऱ्या अक्षरात होत्या. पण एकही चुकलेली नव्हती. हिवाळ्यात मोटार कधी बाहेर काढली नाही, असेही त्या म्हणाल्या. मेकॅनिक तळ पाहून आला, तो स्वच्छ तोंडाने.

बाई 600 डॉलरच्या खाली येईनात. "तुम्ही हिचे करणार तरी काय?" त्यांनी विचारले. धाकट्याने खरे ते सांगून टाकले. तिघांनी त्याच्याकडे रागाने पाहिले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "यांना ही मोटार फार हळू वाटायची. पळवा. पण किंमत तीच."

शंभर डॉलर जास्त, म्हणजे दहा फेऱ्यांचा दंड. यावर तोड काढली ती धाकट्याने. त्याने मोटारीतली आसने, रेडिओ, आतले अस्तर असे सारे हलक्या हाताने काढले आणि व्होल्वोच्या एका शौकिनाला 140 डॉलरना विकले. किंमत 460 वर आली, आणि मोटारीचे वजनही घटले. त्या दिवसापासून तिला तो 'आपली मोटार' म्हणू लागला.

हिवाळाभर वेल्डर पिंजरा सांधत होता. बाहेर बर्फ पडत असे आणि गॅरेजात निळ्या ठिणग्या उडत. शर्यतीपूर्वी परीक्षकाने एकेक सांधा निरखून पाहिला आणि हे काम कोणी केले म्हणून विचारले. वेल्डर म्हणाला, "मी," आणि उगाच मोटारीची काच पुसू लागला.

शर्यतीत त्यांची व्होल्वो कोणालाही मागे टाकण्यासारखी नव्हती. पहिल्या दिवशी धाकटा एका वळणावर घसरून गवतात गेला. चूक करणाऱ्याला तेथे गमतीची शिक्षा देत. त्याला आपली चूक न बोलता, मूकाभिनयाने परीक्षकांना समजावून सांगावी लागली. गोल गिरकी घेऊन तो जमिनीवर लोळला, तेव्हा मास्तर पोट धरून हसले. रविवारी दुपारी शेवटचा निशाण फडकला, त्या वेळी कितीतरी वेगवान मोटारी बॉनेट उघडून कडेला उभ्या होत्या. व्होल्वो धावत होती. क्रमांक मधलाच कुठला तरी आला.

धाकट्याने मोटार आणून उभी केली, तरी इंजिन बंद करीना. "एकदा बंद केले तर पुन्हा सुरू होणार नाही, असे मला वाटते," तो म्हणाला. मेकॅनिकने हसून किल्ली फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खरोखरच सुरू झाली नाही. मग चौघांनी ती ढकलत ढकलत ट्रेलरवर चढविली आणि मास्तरांनी बाईंच्या वहीत त्या दिवसाची नोंद केली.